शुक्रवारच्या चानकीची कहाणी

ऐक गं जिवतीमाये, लेकुरवाळे, तुझी कहाणी. अक्षता मुठीत धरा बायांनो, आणि कुजबुज बंद करा. पोरं मांडीवर जागी असतील तर असू देत, ही कहाणी त्यांचीच आहे.

आटपाट म्हणतात तसलं एक नगर होतं. नगराला वेस होती, वेशीबाहेर धर्मशाळा होती, धर्मशाळेच्या अंगाला एक झोपडं होतं. त्या झोपड्यात सटवाजी नावाचा दोर वळणारा राहायचा. त्याची बायको आवडा. त्यांना नवसासायासानं झालेली एकच लेक, चार-पाच वर्षांची, तिचं नाव ठकू.

घरात दारिद्र्य होतं, पण आवडाला त्याचं दुःख नव्हतं. तिचं दुःख निराळंच. ठकू जेवत नव्हती. भाकरी पुढं केली, तिनं तोंड फिरवलं. भात कालवला, तिनं ओठ मिटले. दुधात कुस्करून दिलं, थू करून टाकलं. पोरीच्या हातापायांच्या काड्या झाल्या, बरगड्या दिसायला लागल्या. आवडा चुलीपुढं बसून रडायची. म्हणायची, "बाई गं, मी रांधते आणि माझ्याच लेकराच्या पोटात जात नाही. माझ्या हाताला झालंय तरी काय?"

मग तिनं काय केलं? मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. गुण नाही. वैद्याचं चाटण दिलं. गुण नाही. शेजारीण म्हणाली, नाक दाब नि भरव. आवडानं नाक दाबलं नि भरवलं. पोरीनं सगळं ओकून टाकलं, आणि त्या दिवसापासून आई ताट घेऊन आली की ती पळत सुटायची. असली एक शहाणी शेजारीण प्रत्येकीला असते. नावं घेत नाही, इथंच बसल्यात.

पुढं श्रावणमास आला. शुक्रवार आला. आवडा घागर घेऊन पाण्याला गेली. पाणवठ्यावर पाहते तो काय, एक म्हातारी बसली आहे. कडेवर एक मूल, पदराला एक मूल, पाठीशी एक मूल. पुढं तीन दगडांची चूल मांडली आहे. म्हातारी भाकऱ्या थापते आहे आणि पोरं कोपरापर्यंत पिठात बसली आहेत. कुणाची भाकरी लांबट, कुणाची तिकोनी, एकाचीला तर भाकरी म्हणावं का हाच प्रश्न. पण पोरं खात कशी होती! मटामटा खात होती, बोटं चाटत होती, एकमेकांच्या ताटात हात घालत होती.

आवडानं घागर खाली ठेवली. हात जोडले. "आजीबाई, आजीबाई, हा कसला वसा?"

म्हातारी म्हणाली, "तुला गं कशाला? आज घेशील, उद्या दिवस पालटले की टाकशील."

"नाही टाकणार."

"हाताखाली धान्य आलं की उतशील."

"नाही उतणार."

"चारजणी वाखाणायला लागल्या की मातशील."

"नाही मातणार. पदर पसरते आजीबाई, सांगा."

मग म्हातारीनं सांगितलं. "श्रावणातल्या शुक्रवारी हा वसा धरावा, पुढं दर शुक्रवारी पाळावा. न्हाऊन घ्यावं, चूल सारवावी, लेकराला जवळ बसवावं. दाणे लेकरानं निवडावेत, सांडले तर रागावू नये. पीठ लेकरानं चाळावं, उडालं तर ओरडू नये. भाकऱ्या आपण थापाव्यात. शेवटचा गोळा उरतो ना, एवढासा, चानकीपुरता? तो लेकराच्या हातात द्यावा. ती इवलीशी भाकरी, चानकी, लेकरानंच थापावी. वाकडी झाली तर सरळ करू नये. फाटली तर सांधू नये. कशी झाली म्हणून विचारलं तर खोटं बोलू नये. देवाला नैवेद्य तिचाच दाखवावा. पहिला घास आपण खावा, मग लेकराला द्यावा. आणि हे बघ, आपले हात फार शिवशिवतात. ते खुशाल मांडीखाली घालून बसावं."

आवडा म्हणाली, "एवढंच?"

म्हातारी हसली. "एवढंच म्हणतेस? करून तर बघ."

मग आवडा घरी आली. न्हाली, चूल सारवली, ठकूला जवळ बसवलं. पुढ्यात सूप ठेवलं. ठकूनं ज्वारी निवडली. निम्मी सुपात राहिली, निम्मी अंगणात गेली, ती चिमण्यांनी टिपली. आवडाच्या अगदी ओठावर शब्द आला, तिनं तो गिळला. मग ठकूनं पीठ चाळलं. चूल पांढरी, मांजर पांढरं, सटवाजीनं वळून ठेवलेले दोर पांढरे. आवडानं डोळे मिटून घेतले. मग आवडानं भाकऱ्या थापल्या आणि शेवटचा गोळा ठकूच्या हातात दिला.

ठकूनं जीभ बाहेर काढली आणि थापायला लागली. काय सांगू बायांनो! एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ, मधोमध भोक. आवडाचे हात पुढं जायला लागले. तिनं ते मांडीखाली घातले. चानकी भाजली, देवाला दाखवली. आवडानं पहिला घास खाल्ला.

ठकू म्हणाली, "आई, कशी झालीय?"

आवडा म्हणाली, "भोक पडलंय गं मधे. पण खरपूस लागते."

ठकूनं चानकी डोळ्यांसमोर धरली. म्हणाली, "भोकातून तू दिसतेस." आणि हसली, आणि खाऊन टाकली. सगळी खाल्ली. ताटात पडलेला चुराही बोटानं टिपला. आवडानं तोंडात पदराचा बोळा घातला आणि ढसाढसा रडली.

असा एक शुक्रवार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मग शुक्रवारची वाटसुद्धा कोण बघतो? पिठल्यातल्या गुठळ्या ठकूनं फोडाव्यात. शेंगा ठकूनं सोलाव्यात, चार टोपलीत, एक तोंडात. ताकात मीठ ठकूनं घालावं, चाखावं, आणि म्हणावं, "अजून एक चिमूट." कधी खारट झालं, कधी अळणी झालं, पण पोटात गेलं. पोरीच्या गालावर मांस आलं. उंबऱ्यावरून उड्या मारायला लागली. सटवाजी दोर वळता वळता म्हणायचा, "कारभारीण, आपल्याकडं दोन सुगरणी झाल्या."

पुढं काय झालं? धर्मशाळेत वाटसरू उतरायचे. त्यांना भाकरीचा वास जायचा. एक आला, म्हणाला, "बाई, मलाही चार घास दे." दुसरा आला, तिसरा आला. आवडाच्या हाताला जिवतीनं अशी काही गोडी दिली की लोक वाट वाकडी करून येऊ लागले. झोपड्याचं कौलारू घर झालं. दारात गाय आली. लाकडी काठवट होती, तिच्या जागी पितळी परात आली. सटवाजीचे दोरही वाटसरूंनी गाड्यांना बांधायला नेले. चहूकडं झालं, आवडाबाईची भाकरी, आवडाबाईची भाकरी!

आणि मग काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

एका शुक्रवारी गाड्यांचा तांडा आला. ठकू परातीपाशी येऊन बसली. आवडा म्हणाली, "आज नको गं ठकू. माणसं खोळंबलीत." ठकू उठली. दुसऱ्या शुक्रवारी पंगत वाढली, पीठ सरलं, शेवटचा गोळा आवडानं वाटसरूच्या भाकरीत थापला. ठकू म्हणाली, "माझा गोळा?" आवडा म्हणाली, "पुढच्या वेळी दोन देईन. जा, खेळ बघू." हसू नका. तुमच्या आमच्या तोंडचंच वाक्य आहे ते. ठकू मुकाट्यानं गेली.

तिसरा शुक्रवार आला. त्या दिवशी नगरची राणी मंगळागौरीला माहेरी निघाली होती. तिची पालखी धर्मशाळेपाशी थांबली. राणी आवडाच्या दारात आली, साध्या घोंगडीवर टेकली. म्हणाली, "बाई, आज शुक्रवार. तुमच्याकडं लेकीच्या हातच्या चानकीचा नैवेद्य असतो, असं ऐकलंय. मला दुसरं काही नको. तोच प्रसाद वाढा."

ठकूचा आनंद काय विचारता! धावत आली, परकर खोचला, गोळा घेतला, जीभ बाहेर काढून थापायला लागली. राणीसाठी म्हणून चांगला जोर लावला. चानकीला दोन कान फुटले, एका जागी चटका बसून काळं पडलं. ठकूनं ती देवापुढं ठेवली आणि राणीसाठी पाट आणायला मागच्या अंगणात पळाली.

आवडानं चानकीकडं पाहिलं. मनात म्हणाली, "हे राणीच्या ताटात वाढू? दासी हसतील. गावात होईल, एवढं नाव आणि लेकीला काही वळण नाही." घाईघाईनं तिनं पिठाचा गोळा घेतला, इवलीशी गोल भाकरी थापली, तव्यावर टाकली, टम्म फुगवली, ताटात ठेवली. लेकीची चानकी उचलली आणि गाईच्या घमेल्यात टाकली. पाट घेऊन ठकू दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं. आवडाला मात्र ठकू दिसली नाही.

राणीनं भाकरी खाल्ली. फिरवून फिरवून पाहिली. म्हणाली, "एवढीशी पोर आणि एवढी सुबक भाकरी! बाई, खरंच हिनं थापली?"

आवडा म्हणाली, "होय बाईसाहेब. माझ्या लेकीनंच."

राणीनं पेटी मागवली. सोन्याच्या बिंदल्या काढल्या आणि ठकूच्या मनगटात घातल्या. दासी म्हणाल्या, वाहवा. वाटसरू म्हणाले, वाहवा. ठकूनं आईकडं पाहिलं. आवडानं मान दुसरीकडं वळवली.

पालखी गेली. ठकूनं बिंदल्या उतरवल्या, चुलीच्या कडेला ठेवल्या. "माझ्या नाहीत," म्हणाली. तेवढंच शेवटचं बोलली. त्या दिवसापासून पोरीचं बोलणं बंद, पोरीचं खाणं बंद.

मग आवडानं साजूक तुपातला शिरा केला. ठकूनं वास घेतला, बाजूला सारला. पुरणाची पोळी केली. ठकूनं हात लावला नाही. चिऊचा घास, काऊचा घास म्हणत घरभर मागं फिरली. ठकू भिंतीकडं तोंड करून बसली. पुन्हा हातापायांच्या काड्या झाल्या. तिकडं आवडाच्या भाकरीचीही कळा गेली. ताज्या पिठाला विरी, चिकटपणा म्हणून राहिना, कडा फाटायला लागल्या, एक भाकरी फुगेना. वाटसरू यायचे बंद झाले.

सटवाजी म्हणाला, "खानावळ गेली तर जाऊ दे. मी आहे, माझे दोर आहेत. पण पोर हातची जातेय, आवडे."

"तिला किती विचारलं. बोलतच नाही हो!"

"तिला काय विचारतेस? तू काय केलंस ते आठव की."

आवडाला आठवायला लागतंय कशाला, तिला ठाऊकच होतं. तशीच उठली आणि पाणवठ्यावर गेली. म्हातारी बसलेली होती. आवडा पूर्वेकडून गेली, म्हातारीनं पाठ फिरवली. पश्चिमेकडून गेली, म्हातारीनं पाठ फिरवली. मग आवडानं जमिनीला डोकं टेकलं. "आजीबाई, मी आवडा."

म्हातारी म्हणाली, "मला एक आवडा ठाऊक होती. तिच्या हाताला पीठ असायचं, जिभेला खोटं नसायचं. ती तू नव्हेस."

"मी उतले, मी मातले. मला शिक्षा द्या, पण माझ्या लेकराला खाऊ द्या."

"तुझ्या लेकराचं खाणं मी कशाला बंद करू? मी का वैरीण आहे तिची? राणीच्या दारी जा. घेतलंस ते परत कर, बोललीस ते परत घे. पुढचं तुझी लेकच सांगेल."

"राणी मला वेशीपार हाकलून देईल."

"देऊ दे की," म्हातारी म्हणाली आणि पाणी भरायला लागली.

मग आवडानं बिंदल्या पदरात बांधल्या. ठकूला कडेवर घेतलं. कडेवर घेतलं तर ओझंच लागेना, इतकी पोर हलकी झालेली. रडत रडत राजवाड्यावर गेली. राणी सदरेवर बसली होती, भोवती दासी होत्या. आवडानं बिंदल्या राणीच्या पायाशी ठेवल्या. म्हणाली, "बाईसाहेब, त्या दिवशी मी खोटं बोलले. ती भाकरी माझ्या लेकीनं थापली नव्हती. मी थापली होती."

दासींनी तोंडाला पदर लावले. राणी हसली नाही. तिनं विचारलं, "मग लेकीची कुठं गेली?"

"गाईच्या घमेल्यात घातली."

"गाईनं खाल्ली?"

"चाटूनपुसून खाल्ली, बाईसाहेब."

राणी म्हणाली, "म्हणजे प्रसाद गाईला मिळाला आणि मी उपाशी आले. अगं बाई, मला इथं रोज सुबकच वाढतात. मी तुझ्या दारात सुबक मागायला आले होते का?"

आवडाची मान खाली गेली. राणी उठली. दोघींना मुदपाकखान्यात नेलं, आचारी बाहेर काढले, स्वतः पाटावर बसली. ठकूला म्हणाली, "पोरी, मला करून वाढशील?"

ठकूनं परातीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

मग आवडा तिच्यापुढं खाली बसली. म्हणाली, "ठकू, मी तुझी चानकी लपवली. मला लाज वाटली गं. तुझी नाही, लोकांची. चार लोक काय म्हणतील म्हणून मी तुझं तुझ्याकडून काढून घेतलं. मी चुकले. तुला बोलायचं नसलं तर बोलू नकोस. पण तू जेवली नाहीस तेव्हापासून माझ्याही घशाखाली घास उतरला नाही. मला भूक लागलीय."

ठकू खूप वेळ तशीच बसली. राणी थांबली. दासी थांबल्या. आवडा थांबली. मग ठकू हळूच सरकली, परातीत हात घातला.

तिनं गोळा केला, थापायला लागली. हात पार अशक्त झालेले, नीट थापता येईना. एक बाजू फाटली. ठकूनं आईकडं पाहिलं. आवडाचे हात मांडीखाली. ती हलली नाही. दुसरी बाजू फाटली. ठकूनं पुन्हा पाहिलं. आवडा हलली नाही, डोळ्यांतून पाणी तेवढं वाहत होतं, ते पुसायलाही तिनं हात काढला नाही. मग चानकी तव्यावर टाकायची वेळ आली. तवा राजवाड्यातला, चुलीवर धगधगत होता. ठकू घाबरली. तिनं आपणहून आईचा हात मांडीखालून ओढून काढला, मनगट घट्ट धरलं, आणि दोघींनी मिळून चानकी तव्यावर टाकली.

चानकी भाजली. देवाला दाखवली. ठकूनं पहिला घास मोडला आणि आईच्या तोंडात घातला. आणि मग पोर बोलली. इतक्या दिवसांनी बोलली. म्हणाली, "कशी झालीय?"

आवडा घास चावत होती. दासी डोळ्यांनी खुणावत होत्या, बाई, छान म्हण, छान म्हण, पोर जेवेल. आवडानं घास गिळला. म्हणाली, "एका अंगाला करपलीय, बाळा. आणि मधे कच्ची राहिलीय."

"खरं?"

"खरं."

ठकूनं थोडा विचार केला. म्हणाली, "मग कच्चं तू खा. मी कडा खाते." करपलेला तुकडा राणीच्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "हे कुरकुरीत लागतं, तुम्ही खा." राणीनं तो खाल्ला. राणीच्या जिभेला आवडलं म्हणून नव्हे हो, तिला भूकच लागली होती.

राणीनं बिंदल्या पुन्हा पुढं केल्या. ठकू म्हणाली, "नकोत. पिठात हात घालताना मध्ये येतात." आणि कडा खायला लागली. एक कड खाल्ली, दुसरी खाल्ली. तोंड भरलेलं असतानाच आईच्या मांडीवर येऊन बसली. आवडानं तिच्या केसांतलं पीठ झटकलं नाही, तिला तसंच पोटाशी धरलं.

मग आवडा घरी आली. पुन्हा चूल पेटली, पुन्हा वाटसरू आले. पण आता शुक्रवारी कुणी घाई केली तर आवडा सांगायची, "बसा जरा. माझी लेक थापतेय." ज्याला थांबायचं तो थांबायचा, ज्याला जायचं तो जायचा.

जिवतीमाये, ठकूला जशी भूक दिलीस तशी आमच्या लेकरांना दे. आवडाला जसं थांबायचं बळ दिलंस तसं आम्हालाही दे, आमचे हात फार लवकर पुढं जातात. ज्यांच्या घरी लेकरू नाही त्यांनी शेजारचं बोलवावं, त्यांनाही हेच फळ मिळो. टाका गं अक्षता. ही साठा भाकऱ्यांची कहाणी, एका चानकीत सुफळ संपूर्ण.